गाडी विजेची, भरवसा कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



भाषणाला उभे राहण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर या मंडळात मी केलेले काम म्हणजे सतरंज्या घालणे, तिळगूळ वाटणे आणि बचतीच्या वहीत सह्या गोळा करणे. त्यामुळे चिटणीसबाईंनी "यंदा तुम्ही विजेच्या गाड्यांवर बोला" असे सांगितले तेव्हा मी सरळ नाही म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, "अहो, आपल्या मंडळात विजेची स्कूटर पहिल्याने कोणी घेतली? आणि ती बंद पडली तेव्हा सर्वांत जास्त कोण रडले?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर मीच असल्यामुळे आज तुमच्यापुढे उभी आहे.

पेट्रोल जाऊन त्या जागी वीज यावी, हे काम सरकारने अंगावर घ्यावे की बाजारावर सोडून द्यावे, असा विषय आहे. मोठमोठ्या लोकांचा विषय. पण आमच्या घरात तो गेली अडीच वर्षे रोजच्या जेवणाला वाढलेला आहे. त्याची सुरुवात कशी झाली ते आधी सांगते.

2023 साली माझी थोरली बारावी झाली. शहाद्याच्या कॉलेजात विज्ञान शाखेला नाव घातले. आमचे घर मळ्यात, प्रकाशाच्या बाजूला. येऊनजाऊन 28 किलोमीटर. घरातली मोटारसायकल यांना शेताला आणि बाजाराला लागते. म्हणून पोरीसाठी स्कूटर घ्यावी असे ठरले. त्याच मे महिन्यात गावोगाव एकच गजर चालू होता: 31 तारखेच्या आत विजेची गाडी घ्या, 1 जूनपासून महाग होणार! आणि ते खोटे नव्हते. केंद्र सरकार 2019 च्या योजनेतून विजेच्या गाड्यांवर सूट देत होते. 2021 साली ती वाढवून बॅटरीत जेवढी युनिटे वीज मावते त्या दर युनिटामागे 15,000 रुपये, आणि गाडीच्या किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत, अशी केली होती. 1 जून 2023 पासून ती 10,000 आणि फार तर 15 टक्के झाली. एका रात्रीत वीस-पंचवीस हजारांचा फरक पडायचा होता.

भगिनींनो, साडीच्या सेलला शेवटचा दिवस लागला म्हणजे आपले काय होते ते तुम्हांला ठाऊक आहे. रंग पाहायचा राहतो, पोत पाहायचा राहतो, पिशवी भरते. माझे तसेच झाले. पपईचे पैसे आलेले होते, त्यांत आपल्या बचत गटाचे 40,000 कर्ज घातले, आणि 31 तारखेच्या चार दिवस आधी आम्ही एका दुकानातून स्कूटर आणली. दुकानदाराने पेढा दिला, तीन वर्षांच्या हमीचा कागद दिला. दुरुस्ती कोठे होईल हे मी विचारले नाही. भेंडी घेताना मी देठ मोडून पाहते, आणि लाखाची वस्तू घेताना हे विचारले नाही!

वर्षभर सुख होते, ते मला नाकारता येत नाही. महिन्याला सातशे किलोमीटर चालणाऱ्या त्या गाडीला तीसेक युनिटे लागत. युनिटला दहा रुपये धरले तरी तीनशे रुपये. तेच पेट्रोलवर नेले असते तर पंधरा लिटर, म्हणजे दीड हजारांच्या वर. वाचलेल्या पैशांतून मी गटाचा हप्ता भरत होते. वाफ नाही, धूर नाही, आवाज नाही. म्हातारी सासू म्हणे, "पोर आली की गेली, समजतच नाही."

2024 च्या जुलैत, ऐन पावसात, बॅटरी चार्ज होईनाशी झाली. दुकानावर गेलो तर पाटी उतरवलेली, शटरला कुलूप. फोन लागे, कोणी उचलत नसे. गावचा मेकॅनिक, ज्याने आमच्या घरची सारी यंत्रे हयातभर जिवंत ठेवली, त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "ताई, हाऊ डबा मले उघडता येत नही." डब्याला कंपनीचे सील. सील तोडले तर हमी जाणार, न तोडले तर गाडी पडून राहणार. नव्या बॅटरीचा भाव विचारला, तर साठ हजार! हमीचा कागद माझ्याजवळ होता, पण तो दाखवायचा कोणाला?

नऊ महिने ती गाडी आमच्या पडवीत उभी होती. तिच्यावर मी लसणाच्या जुड्या टांगल्या होत्या. गाडीपेक्षाही काळजी दुसरीच होती. आमच्याकडच्या एक मोठ्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "एक वर्ष कॉलेज झालं ना? पुरे आता. स्थळं येताहेत." गाडी बंद पडली म्हणजे पोरगीही बंद पडावी, असा हा हिशोब! यांनाही क्षणभर तो पटल्यासारखा दिसला. त्या रात्री मी जेवले नाही.

शेवटी पोरीने स्वतःच सांगितले, "आई, मी एसटीने जाते." विद्यार्थ्यांच्या पासाला भाड्याचा तिसरा हिस्साच पडतो. बरोबर जाणाऱ्या बाईला 17 मार्च 2023 पासून अर्धे तिकीट. पहिले पंधरा दिवस मी तिच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत जात असे. गाडीत कधी उभे राहायलाही जागा नसे. पण ती गेली, आणि तिचे वर्ष वाया गेले नाही. यंदा ती तिसऱ्या वर्षाला आहे.

आता वादाकडे येते. माझे धाकटे दीर बी-बियाण्यांचे दुकान चालवतात. त्यांचे म्हणणे असे की सगळा घोळ सरकारने केला. ते म्हणाले, "वहिनी, मोबाईल घ्यायला कोणी सूट दिली होती का? तरी धडगावच्या डोंगरात पाड्यापाड्यावर मोबाईल आहे. वस्तू चांगली आणि स्वस्त झाली की लोक आपण होऊन घेतात. सरकारने सूट दिली म्हणून नको ते लोक गाड्या बनवायला उतरले, सूट आटली तसे पळाले. सूट नसती तर तुमचा दुकानदार उगवलाच नसता." आणि खरेच, 2023 साली सरकारने चौकशी करून सात कंपन्यांकडे सुमारे 469 कोटी रुपये परत मागितले, गाडीचे ठरावीक भाग देशातच बनवण्याची अट त्यांनी पाळली नाही म्हणून. भाऊजी असेही म्हणतात की सूट कोणाला मिळते? ज्याच्याजवळ लाख रुपये आहेत त्याला. ज्या मजुराने सायकलही घेतली नाही त्याच्या काडेपेटीवरच्या करातून माझी स्कूटर स्वस्त झाली. हे ऐकून मला लाज वाटली, ती मी येथे लपवत नाही.

परंतु पेट्रोलचा बाजार तरी मोकळा आहे का? 26 जून 2010 पासून पेट्रोलचा भाव बाजारावर सोडला असे सांगतात. मग आपल्या नवापूरला जाऊन पाहा. तेथले रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. एकाच बाकावर दोन राज्ये बसतात. हद्द ओलांडून पलीकडच्या पंपावर गेले की लिटरमागे सुमारे दहा रुपये कमी. तेल तेच. बदलले ते राज्य आणि राज्याचा कर. म्हणजे आज आपण जे पेट्रोल घेतो त्याच्या भावातही सरकार बसलेले आहेच. मग विजेच्या गाडीच्या वेळीच "सरकारने मध्ये पडू नये" असे म्हणणे मला पुरते पटत नाही.

शिवाय ज्याला रस्त्यावर मोकळा बाजार म्हणतात तो आपण पाहिलेला आहे. 2021 च्या दिवाळीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. त्या दिवसांत काळीपिवळी जीपला बारा-पंधरा माणसे कोंबत, आणि भाडे मागतील ते. भरल्याशिवाय गाडी हलत नसे. सासरे सांगत की त्यांच्या वडिलांच्या काळी, लाल गाडी यायच्या आधी, खासगी मोटरींचे असेच असे. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी सुटली. त्याच रस्त्यावर 1 जून 2022 रोजी एसटीची पहिली विजेची 'शिवाई' गाडी सुटली. चौऱ्याहत्तर वर्षांनी, तीच तारीख. पण पुढे काय झाले? 5,150 विजेच्या गाड्या भाड्याने घेण्याचा करार 2023 साली झाला. गाड्या खासगी कंपनीने द्यायच्या, चालवायच्या एसटीसाठी. ठरल्या वेळात त्या आल्या नाहीत, आणि 2025 साली परिवहनमंत्र्यांना करार रद्द करण्याची भाषा करावी लागली. आमच्या रस्त्यावर मी अजून विजेची एसटी पाहिलेली नाही. येथे दोष सरकारचा की बाजाराचा? भाऊजी म्हणतात सरकारचा, हे म्हणतात कंपनीचा, आणि मी पोळ्या लाटते.

तरी एक गोष्ट या दोघांच्याही ध्यानात आली नव्हती, ती पोरीने सांगितली. विजेची गाडी आपल्या दारावरून कधीचीच धावते आहे! सुरत-भुसावळ लोहमार्ग. नंदुरबारवरून जाणारा आपला हा मार्ग 2018 सालापर्यंत दुपदरी झाला आणि त्यावर विजेच्या तारा आल्या. आपण सुरतेला दवाखान्यात जातो, लग्नाचा बस्ता बांधायला जातो, ते विजेच्या इंजिनाने जातो. त्यासाठी कोणी आपल्याला सूट दिली नाही, शेवटची तारीख लावली नाही, बॅटरीची हमी दिली नाही. तिकीट काढले आणि बसलो. कोणा एका प्रवाशाने हे बाजारातून विकत घ्यायचे म्हटले असते तर घेता आले नसते.

दुसरे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातले. एलईडीचा बल्ब आठवा. सरकारी खरेदीत 2014 साली तो 310 रुपयांना पडे. सरकारने एकदम कोट्यवधी बल्बांची मागणी काढली, कारखानदारांत चढाओढ लागली, आणि 2016 सालापर्यंत तोच बल्ब 38 रुपयांवर आला. येथे सरकारने सूट वाटली नाही. मोठ्या गिऱ्हाइकासारखे बाजारात उभे राहून घासाघीस केली. आपण दहा जणी मिळून गव्हाची पोती घेतो तेव्हा व्यापारी कसा नरमतो, तसे. उलट उज्ज्वला योजनेची गंमत पाहा. 2016 साली शेगडी आली, टाकी आली, फोटो निघाले. दुसरी टाकी भरायची वेळ आली तेव्हा भाव ऐकून कित्येक घरांत टाकी कोपऱ्यात गेली आणि चूल पुन्हा पेटली. धूर आईच्याच डोळ्यांत. पहिला दिवस सरकारने साजरा केला, दुसरा दिवस बाजारावर सोडला.

माझ्या स्कूटरचे तेच झाले, असे मला वाटते. सरकारने सूट दिली याबद्दल माझी तक्रार नाही, आणि ती कमी केली याबद्दलही नाही. एक ना एक दिवस ती कमी व्हायचीच. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या योजनेत ती युनिटामागे 5,000 झाली, पुढल्या वर्षी 2,500. पण किती वर्षे, दरसाल किती, हे पहिल्या दिवशी ठरवून सांगावे, आणि मग त्यात मध्येच बदल करू नये. 2021 ला वाढवली, 2023 ला झटक्यात उतरवली, अशाने आमच्यासारखे लोक धावत सुटतात आणि धावणाऱ्याला खड्डा दिसत नाही. आपल्या शहाद्याच्या उसाचेही उदाहरण ताजे आहे. पेट्रोलमध्ये मिसळायला इथेनॉल करा म्हणून सरकारने सांगितले, कारखान्यांनी कर्जे काढून यंत्रे उभारली, आणि 7 डिसेंबर 2023 ला, गाळप चालू असताना, उसाच्या रसाचे इथेनॉल करण्यावर बंधन आले. पुढच्या हंगामाला ते उठले. साखर कमी पडेल ही भीती खरी असेलही; पण सासूने एकदा सांगावे पोळ्या कर, आणि कणीक मळून झाल्यावर सांगावे भाकरी टाक, अशी सुनेची स्थिती होते.

परदेशातले पोरीने वाचून दाखवले. नॉर्वे नावाचा देश स्वतः तेल विकून श्रीमंत झाला. तेथे 2024 साली विकल्या गेलेल्या नव्या दहा मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. त्यांनी 1990 पासून विजेच्या गाडीवरचे कर उठवत नेले आणि पेट्रोलच्या गाडीवर कर भारी ठेवला. तीस वर्षे एकाच वाटेने चालले. चीनमधल्या शेनझेन शहराने 2017 सालापर्यंत आपल्या सोळा हजारांवर बस विजेच्या केल्या. आधी बस, ही गोष्ट मला फार आवडली.

आपल्याकडे 2025 साली राज्य सरकारने नवे धोरण आणले. विजेच्या मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, अटल सेतूवर आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी. चांगलेच आहे. पण येथे बसलेल्या आपल्यापैकी कोणाची चारचाकी अटल सेतूवरून जाते, हात वर करा! बायकांना गुलाबी विजेची रिक्षा देण्याची योजना निघाली, 20 टक्के राज्याचे, 10 टक्के आपले, 70 टक्के बँकेचे कर्ज. तीही उत्तम. सुरुवातीला ज्या शहरांची नावे आली त्यांत नंदुरबार नव्हते.

हेही सांगितले पाहिजे की वीज काही आकाशातून पडत नाही. हे म्हणतात, "तुझ्या स्कूटरचा धूर चंद्रपूरला निघतो." खोटे नाही, कोळसा तेथे जळतोच. धरणाची वीज म्हणाल तर सरदार सरोवरात आपल्या जिल्ह्यातली 33 गावे बुडीतात आली. त्या विजेतला 27 टक्के हिस्सा महाराष्ट्राचा. आणि त्याच अक्राणीच्या डोंगरातले काही पाडे वर्षानुवर्षे दिव्याविना राहिले. तेव्हा स्वच्छ गाडी म्हणताना ती कोणाच्या जिवावर स्वच्छ आहे, हेही एकदा मनात आणावे.

माझ्या स्कूटरचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. 2025 च्या एप्रिलमध्ये सुरतेच्या एका गल्लीत एक तरुण मुलगा सापडला. कोणत्या कंपनीचा नाही, कसलीही हमी देत नाही. त्याने सील तोडले, आतले मेलेले सेल काढून नवे बसवले, आणि 9,000 रुपये घेतले. गाडी चालू लागली. पूर्वी 80 किलोमीटर जाई, आता 45 जाते. पोरीला 28 पुरे. भाऊजी लगेच म्हणाले, "पाहिलंत? शेवटी बाजारच धावून आला." मी म्हटले, "आला खरा, पण नऊ महिन्यांनी, आणि सुरतेहून." तो मुलगा नंदुरबारला असता तर? एखाद्या आयटीआयमध्ये हे काम शिकवले तर आपल्या गावचा मेकॅनिक तो डबा उघडेल. आणि विकणाऱ्याने दुकान बंद केले तरी हमी कंपनीवर राहील, जिल्ह्यात कोठेतरी दुरुस्तीची जागा ठेवल्याशिवाय गाडी विकता येणार नाही, असा नियम सरकारने का करू नये? 2022 साली स्कूटरींना आगी लागल्या तेव्हा बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक केलेच ना? मग हेही होऊ शकते. सुटीच्या पैशांपेक्षा मला हा नियम हवा होता. गाडी कोणी बनवावी, केवढ्याला विकावी, यात बाजाराने खुशाल चढाओढ करावी. त्यात मला भाऊजींचेच म्हणणे मान्य आहे. पण ज्या घरात लाख रुपये नाहीत त्या घरच्या पोरीसाठी बाजार बस सोडणार नाही. ती एसटीनेच सोडायची, आणि विजेची सोडायची तर आधी शहराबाहेरच्या रस्त्यांवर सोडावी.

गटाचे कर्ज गेल्या दिवाळीला फिटले. गाडी बंद होती तेव्हा दोन हप्ते चुकले, तुम्ही कोणी मला बोलला नाहीत. ते मी विसरलेले नाही.

आता शेवटचे. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी दोन अर्ज ठेवले आहेत. पोरीने लिहिले आहेत, म्हणून अक्षर चांगले आहे. एक आगारप्रमुखांना, सकाळी सातच्या सुमारास शहाद्याकडे आणखी एक गाडी सोडावी म्हणून. आपल्या चार गावांच्या मिळून तेवीस मुली त्या वेळेला जातात, त्यांची नावे खाली आहेत. दुसरा जिल्हाधिकाऱ्यांना, आयटीआयमध्ये बॅटरी-दुरुस्तीचा वर्ग काढावा आणि त्यात मुलींनाही घ्यावे म्हणून. वाचून सही करा. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी शाईचा पॅड आहे. चहात साखर कमी वाटली तर ती मात्र माझी चूक.